ऱ्हाईनचे मीठ आणि पाच देशांचा हिशेब

सामाईक नदीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पाणी किती आणि कोणाला, याच भांडणाकडे वळतो. या प्रकरणात पाणी भरपूर होते. भांडण त्यात विरघळलेल्या मिठाचे होते. ते १९३०च्या दशकात सुरू झाले आणि २००४ मध्ये लवादाच्या निवाड्यावर थांबले. सहभागी व्यक्तींची नावे मुद्दाम वगळली आहेत, कोर्टात गेलेल्या शेतकऱ्यांचीही. देश, नद्या आणि करार मात्र आहेत तसेच ठेवले आहेत, कारण भूगोल काढून टाकला तर या प्रकरणात काहीच उरत नाही.

पार्श्वभूमी

आल्सासमध्ये म्युलूझ शहराच्या उत्तरेला १९०४ साली जमिनीखाली पोटॅशचे थर सापडले. आल्सास तेव्हा जर्मनीकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला आणि पुढे या खाणी फ्रेंच सरकारच्या मालकीच्या झाल्या. पोटॅश म्हणजे खत, त्यामुळे मागणीची चिंता नव्हती. पण तिथल्या खनिजात पोटॅशपेक्षा साधे मीठच कितीतरी जास्त. पोटॅश वेगळे काढले की मागे उरतो तो मिठाचा डोंगर.

हे डोंगर आधी खाणींच्या आसपासच उभे राहिले. पाऊस पडला की त्यातले मीठ झिरपून जमिनीत उतरायचे. आणि खाली साधीसुधी जमीन नव्हती. ऱ्हाईनच्या वरच्या खोऱ्यातला हा भूजलसाठा युरोपातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आहे आणि आल्सासची पिण्याच्या पाण्याची मुख्य मदार त्याच्यावर आहे. विहिरी खारट होऊ लागल्या तेव्हा मीठ जमिनीवर साठवण्यापेक्षा नदीत सोडणे सोयीचे ठरले. आल्सासची अडचण अशी प्रवाहाबरोबर खाली गेली. पुढचे सगळे समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण आल्सासच्या लोकांनी ती कधीच विसरली नाही.

नदी सुमारे १,२३० किलोमीटर वाहते आणि शेवटी नेदरलँड्समध्ये पसरते. या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. बांध घालून आटवलेल्या त्या जमिनीत, म्हणजे पोल्डरमध्ये, समुद्राचे खारे पाणी खालून सतत पाझरत असते. त्याला मागे रेटायचे तर चरांमधून आणि कालव्यांमधून गोडे पाणी खेळते ठेवावे लागते, आणि ते गोडे पाणी ऱ्हाईनचे. पिण्यासाठीही तेच. जे पाणी समुद्राचे मीठ धुऊन काढायचे, तेच वरून खारट होऊन आले तर काय करायचे, हा डच लोकांचा प्रश्न होता. त्यांनी तो पहिल्यांदा दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी विचारला. १९५० मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि नेदरलँड्स या पाच देशांचा ऱ्हाईन आयोग स्थापन झाला, त्यामागेही मोठी धडपड डच लोकांचीच होती. १९६३ च्या बर्न कराराने आयोगाला कायदेशीर पाया मिळाला.

अडचण

आयोग मोजमाप करू शकत होता, शिफारस करू शकत होता. हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

त्यात मीठ हे प्रदूषण म्हणून फार अवघड. मासे तरंगून वर येत नाहीत, पाण्याचा रंग बदलत नाही, वर्तमानपत्रात छापण्यासारखे छायाचित्र मिळत नाही. पाणी थोडे मचूळ लागते, नळ लवकर गंजतात, काचघरातली नाजूक रोपे खुरटतात. नुकसान खरे, पण पातळ पसरलेले.

दुसरी गोष्ट म्हणजे दोषी एकटा नव्हता. आल्सासच्या खाणींचा वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश. उरलेल्यात रुर भागातल्या जर्मन कोळसा खाणींतून उपसलेले खारे पाणी होते, मोझेल नदीमार्गे येणारा लोरेनच्या सोडा कारखान्यांचा क्षार होता, शिवाय निसर्गतः असणारे मीठ होतेच. पोटॅश खाणी मोठ्या होत्या आणि एकाच ठिकाणी होत्या, म्हणून बोट त्यांच्याकडे गेले. फ्रान्सचे म्हणणे असे की बाकीच्या दोन तृतीयांशाबद्दल कोणी काही बोलत नसेल तर आम्हीच का? यात तथ्य होते, आणि जर्मनीला ते ठाऊक होते.

तिसरी गोष्ट उघड आहे. खर्च वरच्यांनी करायचा आणि फायदा खालच्यांना. वरच्याला काही करायचे स्वतःचे कारणच नाही.

कोर्टाचा रस्ता

सरकारे बोलत होती तेव्हा तीन डच रोपवाटिकावाल्यांचा धीर सुटला. खाऱ्या पाण्याने रोपांचे नुकसान होत होते आणि पाणी सुधारायला खर्च करावा लागत होता. एका पर्यावरणवादी संस्थेच्या पाठबळावर त्यांनी १९७४ मध्ये फ्रेंच खाण कंपनीवर रॉटरडॅमच्या कोर्टात दावा लावला. कोर्टाने म्हटले, कृत्य फ्रान्समध्ये घडले, तिकडे जा. अपील झाले, प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे गेला. ३० नोव्हेंबर १९७६ रोजी निकाल आला: जिथे कृत्य घडले तिथे किंवा जिथे नुकसान झाले तिथे, दोन्हींपैकी कुठेही दावा लावायची मुभा फिर्यादीला आहे.

सीमेपलीकडून येणाऱ्या प्रदूषणाच्या कायद्यात हा निकाल आजही मैलाचा दगड मानला जातो. रोपवाटिकावाल्यांना मात्र त्यातून तातडीने काहीच मिळाले नाही. दावा कुठे चालवायचा एवढेच ठरले होते. डच सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला तो १९८८ मध्ये, आणि मग कंपनीने तडजोड केली. चौदा वर्षे! एखादा शेतकरी एवढे थांबू शकतो का, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत येत नाही.

तरी दाव्याचा दबाव वाया गेला असे मला वाटत नाही. निकालानंतर तीनच दिवसांनी, ३ डिसेंबर १९७६ रोजी, बॉनमध्ये पाच देशांनी क्लोराइड करारावर सह्या केल्या; क्लोराइड हा मिठातला घटक, पाण्यातले मीठ त्यावरूनच मोजतात. वाटाघाटी आधीपासून चालू होत्या, म्हणून या दोन तारखांत थेट कार्यकारण जोडू नये. पण टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला कळत होते की आपण ठरवले नाही तर कोर्टे ठरवतील.

समोर असलेले पर्याय

मिठाचे करायचे काय, याच्या अनेक वाटा चर्चेत होत्या. शुद्ध करून विकावे, तर युरोपात मिठाची टंचाई नव्हती आणि मीठ उत्पादकांना नवा स्पर्धक नको होता. नळ टाकून थेट समुद्रापर्यंत न्यावे, तर खर्च डोळे फिरवणारा. आल्सासमध्येच जमिनीवर साठवावे, तर भूजलाची जुनी भीती. खाऱ्या पाण्याच्या रूपात खोल खडकात टोचावे, हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या आटोपशीर आणि त्यातल्या त्यात स्वस्त दिसत होता.

आणखी एक वाट होती, तिच्याकडे सुरुवातीला फारसे कोणी पाहिले नाही. मीठ जिथे त्रास देते, तिथेच त्याचा बंदोबस्त करणे. नेदरलँड्समध्ये हे बोलणे म्हणजे गुन्हेगाराला मोकळे सोडण्यासारखे वाटले असते. भावना समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे एक स्वस्त पर्याय पंधरा-वीस वर्षे बाजूला पडून राहिला.

पहिला निर्णय: पैसे कोण देणार

या प्रकरणातला सर्वांत वादग्रस्त ठराव १९७२ मध्ये हेगच्या मंत्रिपरिषदेत तत्त्वतः मान्य झाला आणि १९७६ च्या करारात उतरला. आल्सासच्या खाणींनी क्लोराइडचे प्रमाण टप्प्याटप्प्याने सेकंदाला ६० किलोने कमी करायचे. पहिला टप्पा २० किलोंचा, खोल खडकात टोचून. खर्चाची वाटणी अशी: नेदरलँड्स ३४ टक्के, जर्मनी ३०, फ्रान्स ३०, स्वित्झर्लंड ६.

म्हणजे ज्याच्या अंगणात घाण येते, त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे कोणालाही वाटेल. युरोपात त्याच सुमारास ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व मान्य होत होते, आणि इथे नेमके उलटे घडले.

पण डच वाटाघाटी करणारे भोळे नव्हते. तत्त्व धरून बसलो तर नदी खारटच राहील, एवढा हिशेब त्यांनी केला होता. जर्मनीच्या ३० टक्क्यांमागेही हिशेब होता. दुसऱ्याच्या खाणीसाठी पैसे मोजले की आपल्या कोळसा खाणींकडे कोणी वळून पाहणार नाही. स्वित्झर्लंडचे ६ टक्के मात्र कोड्यात टाकतात. खारट पाण्याचा त्यांना त्रास नाही, मिठात मोठा वाटाही नाही. शेजारधर्म म्हणा, किंवा पुढे आपल्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल अशी ठेव म्हणा.

आता थोडे गणित, कारण सह्या करताना ते सर्वांनी केले असेल का याची मला शंका आहे. जर्मन-डच सीमेवर ऱ्हाईनचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे २,२०० घनमीटर. त्यातून सेकंदाला २० किलो क्लोराइड काढले तर दर लिटरमागे फरक पडतो जेमतेम ९ मिलिग्रॅमचा. उद्दिष्ट होते सीमेवर लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळण्याचे. भरल्या नदीत ९ मिलिग्रॅमने कोणाचेही रोप वाचत नाही. पण प्रवाह १,००० घनमीटरवर उतरला की त्याच २० किलोंचा फरक २० मिलिग्रॅम होतो. म्हणजे तेवढेच मीठ अडवायला तेवढाच खर्च येतो, पण नदी आटलेली असताना त्याचा उपयोग दुपटीहून जास्त. करारात मात्र वर्षभर सारखाच आकडा लिहिला गेला.

आल्सासचा नकार

सह्या झाल्या, पण खडकात मीठ टोचले जाणार होते ते ज्यांच्या पायाखाली, त्यांना कोणी विचारले नव्हते. आल्सासमध्ये विरोध पेटला. खोल थरात टोचलेले खारे पाणी वर येणार नाही, असे तज्ज्ञ सांगत होते. लोक मिठाच्या ढिगांचा अनुभव सांगत होते. मीठ नदीत जायला लागले तेव्हा आमच्या विहिरींचा त्रास कमी झाला, आता तेच पुन्हा आमच्या जमिनीत घालणार? गावे, स्थानिक लोकप्रतिनिधी आणि पर्यावरणवादी एकाच बाजूला आले.

डिसेंबर १९७९ मध्ये फ्रेंच सरकारने करार संसदेपुढे मंजुरीसाठी न ठेवण्याचे ठरवले. नेदरलँड्सने पॅरिसमधला आपला राजदूत सल्लामसलतीसाठी परत बोलावला. दोन मित्रदेशांत, एकाच युरोपीय समुदायात बसणाऱ्या दोन शेजाऱ्यांत, मिठावरून ही वेळ आली. फ्रेंच संसदेची मंजुरी अखेर १९८३ मध्ये मिळाली, आणि करार अमलात आला ५ जुलै १९८५ रोजी. सह्यांपासून जवळजवळ नऊ वर्षांनी.

खडकात टोचण्याची योजना तोवर मागे पडली होती. १९८७ पासून पहिल्या टप्प्याचे मीठ जमिनीवरच साठवायला सुरुवात झाली, म्हणजे फिरून जुन्याच वाटेकडे. सेकंदाला २० किलो हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. दिवसाला ते १,७२८ टन क्लोराइड होते, आणि मिठाच्या रूपात तोलले तर अडीच हजार टनांहून जास्त. एवढे रोज कुठेतरी रचायचे.

दुसरा निर्णय: १९९१ ची दुरुस्ती

मधल्या काळात १ नोव्हेंबर १९८६ रोजी बासेलजवळच्या एका रसायन गोदामाला आग लागली. विझवायला वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. मिठाला जे कधीच मिळाले नव्हते ते छायाचित्र इथे मिळाले. १९८७ मध्ये ऱ्हाईन कृती कार्यक्रम ठरला आणि सामन मासा नदीत परत आणण्याचे उद्दिष्ट पुढे आले. मीठ आता अनेक विषयांपैकी एक होते. माझ्या मते त्याने वाटाघाटी सोप्या झाल्या. जो विषय प्रतिष्ठेचा राहत नाही, तो सुटायला हलका होतो.

२५ सप्टेंबर १९९१ च्या पूरक करारात दुसऱ्या टप्प्याची ठरावीक कपात सोडून देण्यात आली. त्याऐवजी दोन गोष्टी ठरल्या. पहिली, सीमेवर क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमवर जाईल तेव्हाच खाणींनी जादा मीठ तात्पुरते साठवायचे. नदी भरलेली असेल तेव्हा नाही. दुसरी, नेदरलँड्समधल्या वीरिंगरमेर पोल्डरचे खारे पाणी आयसेलमीर सरोवरात न सोडता वाडेन समुद्राकडे वळवायचे. आयसेलमीर म्हणजे ऱ्हाईनच्या एका फाट्याच्या पाण्यावर भरणारे, पिण्याच्या पाण्यासाठी वापरले जाणारे डच सरोवर. त्यात मीठ घालणाऱ्यांत आल्सास होते, तसे खुद्द डच पोल्डरही होते. सहा दशके वरच्यांना जाब विचारणाऱ्या देशाने आपल्या घरातली गळती करारात लिहून दिली. आणि त्या कामाचा खर्चही चौघांनी जुन्याच टक्केवारीने उचलला.

मला हा या प्रकरणातला सर्वांत समजूतदार क्षण वाटतो. कोणी जिंकले नाही. फक्त ‘किती किलो काढले’ याऐवजी ‘पाणी केव्हा बिघडते आणि कुठे’ हा प्रश्न विचारला गेला.

निष्पत्ती

पैशाचा वाद तरीही उरला. खर्चासाठी फ्रान्सला आगाऊ रक्कम मिळाली होती, पण प्रत्यक्षात साठवावे लागलेले मीठ अंदाजापेक्षा कमी निघाले. मग परत किती करायचे, आणि एक किलो मीठ साठवण्याचा खर्च धरायचा कसा? नेदरलँड्स आणि फ्रान्स हा प्रश्न लवादाकडे घेऊन गेले आणि १२ मार्च २००४ रोजी निवाडा झाला. लवादाने जाता जाता असेही नोंदवले की ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानता येत नाही. हिशेब करारातल्या शब्दांवरच होणार.

पाण्याचे म्हणाल तर ऱ्हाईनमधले क्लोराइड १९७०च्या दशकाच्या तुलनेत खूप कमी झाले. याचे श्रेय कराराला थोडे, बाजाराला जास्त. पोटॅशचे थर संपत आले आणि आल्सासमधले उत्पादन २००२ मध्ये थांबले. रुरच्या कोळसा खाणीही एकेक करून बंद होत गेल्या.

काय वेगळे करता आले असते

टक्केवारी आधी ठरली, जागा नंतर. ही पहिली चूक, आणि तिची किंमत नऊ वर्षे. राजधान्यांतल्या चर्चेत आल्सास म्हणजे फ्रान्स असे गृहीत धरले गेले; पण भूजलाच्या बाबतीत आल्सासचे हित पॅरिसपेक्षा वेगळे होते. तिथल्या गावांना पर्याय निवडतानाच बसवले असते, खोल खडकाच्या चाचण्या त्यांच्या देखरेखीखाली झाल्या असत्या, तर योजना टिकली असती किंवा निदान लवकर मेली असती. लवकर मेलेली योजनाही फायद्याचीच. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे पुढे वेगळ्या वाटेने दिसले. बंद होत चाललेल्या एका खाणीत १९९९ पासून घातक औद्योगिक कचरा ठेवायला सुरुवात झाली. २००२ मध्ये तिथे आग लागली, आणि त्या कचऱ्याने भूजल बिघडेल का, हा वाद आल्सासमध्ये पुढे वर्षानुवर्षे पेटता राहिला.

दुसरे, मोजमापाचे एकक. सेकंदाला किती किलो हे खाणीच्या दाराशी मोजायला सोपे, म्हणून करारात आले. सीमेवरची रोजची मोजणी आयोगाकडे होती. प्रवाहानुसार साठवण करण्याची कल्पना १९९१ पर्यंत थांबायला हवी होती असे तिच्यात तांत्रिक काहीच नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मी अजून पूर्ण ठाम नाही. पीडिताने पैसे देणे चूकच होते का? पुढच्या प्रत्येक वरच्या देशाला त्यातून ‘आधी पैसे, मग सफाई’ असा धडा मिळू शकतो, हा आक्षेप जड आहे. दुसरीकडे, पैसे देणारा म्हणून नेदरलँड्सला हिशेब मागण्याचा हक्क मिळाला, आणि तो त्यांनी लवादापर्यंत ताणला. पैसे द्यायचेच होते तर आगाऊ रक्कम ठोक न देता साठवलेल्या प्रत्यक्ष मिठावर द्यायला हवी होती. २००४ चा वाद टळला असता. जर्मन खाणींचा वाटा कपातीबाहेर ठेवणे मात्र सरळसरळ चुकले. फ्रान्सच्या हाती त्याने न संपणारे उत्तर दिले.

खाणी बंद झाल्यावर मिठाचे ढीग उरलेच होते. पावसाने ते झिरपत राहिले तर आल्सासचे भूजल आणखी कित्येक वर्षे खारट राहिले असते. म्हणून ढिगांवर पाणी सोडून ते मुद्दाम विरघळवले गेले, आणि ते खारे पाणी बेताबेताने ऱ्हाईनमध्येच सोडण्यात आले.